पार्किंगमधला दरबार

आमच्या घरमालकांनी आम्हाला पहिल्या भेटीतच नापास केलं, ते माझ्या नवऱ्याच्या चपलांमुळे. कोपरला स्टेशनपासून चालत जाण्याजोगी जागा, हवेशीर दोन खोल्या, मागच्या बाजूला झाडं. मी तर मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकलेले. आणि हे गृहस्थ आमच्या तोंडाकडे बघायचं सोडून खाली बघतायत. मग म्हणाले, "जागा बघायला आलाय का आंघोळीला निघालाय?" नवरा हसला. त्याला कुठेही हसता येतं, हा त्याचा जुना आजार. "रविवारी या. बूट घालून या. मग बोलू."

घरी पोचेपर्यंत मी बडबडत होते. कोण समजतो कोण हा माणूस स्वतःला? डोंबिवलीत जागांचा दुष्काळ पडलाय का? पण पडदे डोक्यातून जाईनात, म्हणून रविवारी आम्ही गेलोच. नवऱ्याने लग्नातले बूट पॉलिश करून घातलेले. मालकांनी ते पुढून पाहिले, मागून पाहिले, टाचेला पॉलिश पोचलंय का हे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "पास. सामान कधी आणताय?"

ते सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, मूळचे सातारा बाजूचे. बिल्डिंगमध्ये तीन फ्लॅट त्यांचे. तळमजल्यावर ते आणि काकू, पहिल्या मजल्यावर आम्ही, तिसऱ्यावर आणखी एक भाडेकरू. बाकीचे फ्लॅट ज्याचे त्याचे होते. पण सुभेदारसाहेबांना हा फरक कधी कळला नाही. सगळी बिल्डिंग ही आपलीच पलटण आहे आणि तिला वळण लावायला सरकारने आपल्याला इथे पोस्टिंग दिलंय, अशा थाटात ते वावरायचे. पायजमा, वर बनियन, आणि पायात पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट. नळाला पाणी आलं की शिट्टी मारायचे. पहिल्या दिवशी मी दचकून दुधाचं पातेलं सांडलं होतं. महिन्याभरात शिट्टी झाली नाही तर मलाच चुकल्यासारखं वाटायला लागलं. स्वयंपाकघराला लंगर म्हणायचे. मुलीकडे कल्याणला जायचं असलं तरी "उद्या आमची मूव्ह हाय" म्हणून जिन्यात जाहीर करायचे. माझा नवरा ठाण्याला एका कंपनीत हिशेब बघतो, तर त्याचं नावच त्यांनी बाबू ठेवलं. मी ताई. काकूंना मात्र ते नावाने, हुद्द्याने, कशानेच हाक मारत नसत. नुसतं खाकरायचे. काकू आतून ओरडायच्या, "कळलं! येतेय!"

त्यांच्या मुलीने त्यांना एक भारीतला फोन दिलेला. तो ते धुतलेल्या लोकरी मोज्यात ठेवायचे. धूळ बसते म्हणे. फोन वाजला की आधी खुर्चीतून उठून ताठ उभे राहायचे, मग मोजा सोडवायचे, आणि तेवढ्यात समोरचा कंटाळून ठेवून द्यायचा. एकदा मी विचारलं, "काका, बसून का नाही घेत फोन?"

"पलटणीत आमाला फोन यायचा तो सायबाचाच. बसून कसा घेणार?"

"अहो, पण आता भाजीवाल्याचा असतो."

"आसू दे की. त्योबी ऐकतोय ना, बसलाय का उभा हाय ते."

यावर काय बोलणार, कप्पाळ!

पण त्यांचं खरं वेड म्हणजे दरबार. रविवारी सकाळी पाणी भरून झालं की पार्किंगमधल्या स्कूटर बाजूला लावल्या जायच्या, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जायच्या आणि प्रत्येक घरातल्या निदान एकाने येऊन बसायचं. सैन्यात म्हणे अशी पद्धतच असते. महिन्यातून एकदा सगळी पलटण बसते, समोर सीओ, म्हणजे पलटणीचा मोठा साहेब, आणि साध्यातल्या साध्या शिपायालाही उभं राहून थेट त्याला आपली अडचण सांगता येते. त्या अडचणीला म्हणायचं पॉइंट. आमच्याकडे सीओ नव्हता, पण सुभेदारसाहेब मधोमध उभे राहून गरजायचे, "कोई पॉइंट? आसंल तर उभं ऱ्हाऊन बोला, नसंल तर चहा प्या!"

रविवारी सकाळी माणसाने केस धुवावेत की हे ऐकावं? पण जायचो. एक तर काकूंचा आल्याचा चहा, आणि दुसरं म्हणजे भांडणं फुकटात बघायला मिळायची. गच्चीवर कबुतरांना दाणे कोण टाकतं, जिन्यात चपला कोणाच्या, असले पॉइंट. एकदा आमच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. वरच्या मजल्यावरच्या देशपांडेबाई, वयाने मोठ्या, कानाने अधू आणि स्वभावाने अतिशय गोड. त्या मला म्हणाल्या, "अगं, दरबारात नको काढूस हं, मी उद्याच प्लंबर बोलावते." मी म्हटलं, बरं. ही गोष्ट पुढच्या रविवारी बोलता बोलता बाहेर आली, आणि सुभेदारसाहेब जे पेटले!

"आधी आपसात ठरवून यायचं आसंल तर दरबार कशाला पायजे? रिहर्सल न्हाई चालणार हितं! पॉइंट दाबायचा न्हाई!"

कान लाल झालेले. मी आणि देशपांडेबाई एकमेकींकडे बघत राहिलो. एवढ्याशा पाण्यासाठी म्हातारा बीपी कशाला वाढवतोय? काकू चहाचे ग्लास गोळा करताना एवढंच म्हणाल्या, "रिहर्सलचा त्यांना राग आहे. तुमच्यावर नाही. सोडा."

तिसऱ्या मजल्यावर राहायची रूपाली. एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला होती. तिचा नवरा प्रशांत सैन्यात नाईक हुद्द्यावर, लांब पूर्वेकडे कुठेतरी पोस्टिंगला. त्याचे बूट अर्थातच पहिल्या फटक्यात पास झालेले. तो सुट्टीवर आला की सुभेदारसाहेबांना काय करू न काय नको व्हायचं. काकूंना खाकरून खाकरून मटण करायला लावायचे, आणि दोघं पार्किंगमध्ये बसून आम्हाला न कळणाऱ्या भाषेत हसत बसायचे.

एका सुट्टीत मात्र प्रशांत आला तो हसलाच नाही. जेवायला बोलावलं तर पोट बरं नाही म्हणाला. फोन वाजला की जिन्यात जायचा. आणि मग एक दिवस मला ऑफिसात फोन आला.

"मॅडम, आप प्रशांत की कौन?"

"शेजारीण. क्यों?"

"उसने लोन में आपका नंबर दिया है. वो पैसा नहीं दे रहा, तो आप भरो."

माझा डबा नुकता उघडलेला. भुकेल्या माणसाने मला डिवचू नये. मी म्हटलं, "मैं भरूँ? मेरे फ्रिज का हप्ता तेरे बाप ने भरा क्या?" आणखीही बरंच म्हटलं, शेजारच्या टेबलावरच्या बाई वळून बघायला लागल्या. फोन ठेवला, तर पाठोपाठ एक फोटो आला. प्रशांतचा, युनिफॉर्ममधला. खाली लाल अक्षरात 'चोर'.

संध्याकाळी घरी येते तर तोच फोटो सगळ्यांकडे. देशपांडेबाईंकडे, किराणावाल्याकडे, रूपालीच्या डॉक्टरकडेसुद्धा. झालं होतं असं की प्रशांतने फोनवर झटपट कर्ज देणारं ॲप घेतलेलं, आणि त्या ॲपने पैसे देता देता त्याच्या फोनमधले सगळे नंबर गुपचूप उचललेले. सुभेदारसाहेबांनी मोज्यातून फोन काढला, फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. फोटोवर कोणीतरी बरीच कारागिरी केलेली होती. ते म्हणाले, "चोर लिवलं ते लिवलं. टोपी कशाला वाकडी केली हरामखोरांनी?"

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे काढताना रूपाली माझ्या गळ्यात पडून रडली. कल्याणला फ्लॅट बुक केलेला, बँकेचं कर्ज मंजूर, पण आपल्या खिशातले भरायचे तेवढे पैसे कमी पडले. बराकीतल्या मित्राने ॲप दाखवलं, पाच मिनिटांत पैसे जमा. कबूल केले त्यापेक्षा कमीच दिले, आणि आठवड्यात मागितले भरमसाट जास्त. ते फेडायला दुसरं ॲप, दुसऱ्याला तिसरं. याची टोपी त्याला घालता घालता पगार आला की त्याच दिवशी गायब. या लोकांना फौजी फार आवडतात म्हणे. पगार ठरल्या तारखेला येणार, माणूस पळून कुठे जाणार नाही, आणि साहेबाला मरणाचा घाबरणार.

"ते म्हणतायत सीओला फोन करणार, ताई. ह्याचं पुढच्या महिन्यात हवालदारकीचं कॅडर आहे, म्हणजे बढतीचा कोर्स. कर्जबाजारी म्हणून कागदावर लाल शाई लागली तर संपलं सगळं, असं म्हणतो."

"मग?"

"मग काय, परत जात नाही म्हणतो. रिझर्वेशन कॅन्सल केलंय. मंगळवारी सुट्टी संपते."

सुट्टी संपून जवान हजर झाला नाही तर काय होतं, हे सुभेदारसाहेबांच्या शेजाराने मला चांगलं माहीत झालेलं. आधी पत्र येतं, मग पोलिस येतात. नोकरी जाते, पेन्शन जाते, आणि गावात जन्मभर 'पळून आलेला' हे नाव राहतं. कर्ज परवडलं, पण हे नको. रूपाली म्हणाली, "कोणाला सांगू नका हं." मी बरं म्हटलं आणि कपड्यांची बादली घेऊन थेट तळमजल्यावर गेले. असल्या वेळी तोंड शिवून बसणाऱ्यातली मी नाही.

सुभेदारसाहेबांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "रविवारी दरबारात येईल त्यो?"

"रूपाली आणेल ओढून. पण काका, चारचौघांत विचारू नका हो त्याला."

"मी कुणाला इचारत न्हाई. मी फकस्त कोई पॉइंट म्हणतो."

रविवारी प्रशांत आला आणि मागे स्कूटरला टेकून बसला. कोई पॉइंट झालं. कोणी बोलेना. सगळे त्याच्याकडे न बघायचा एवढा प्रयत्न करत होते की न बघणं दिसत होतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने बंद केला. परत वाजला. परत बंद, परत वाजला.

"आण हिकडं," सुभेदारसाहेब म्हणाले. प्रशांत हलला नाही, तर स्वतः जाऊन त्याच्या हातातून घेतला, माझ्या नवऱ्यापुढे धरला. "बाबू, समद्यांना ऐकू येईल आसं कर." आणि ताठ उभे राहिले.

"हॅलो. पूरा नाम बोल."

"तू कौन बे? प्रशांत को दे."

"सुभेदार. रिटायर्ड. तू खडा है या बैठा है?"

"क्या?"

"मैं खडा रहके बात कर रहा हूँ. तू भी खडा हो जा."

आणि शपथेवर सांगते, फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो पोरगा खरंच उभा राहिला! माझ्या नवऱ्याला हसू फुटलं, मी त्याला चिमटा काढला.

"आता बोल, काय म्हणणं हाय."

पोरगा सावरला. "पैसा भरो, नहीं तो उसका फोटो सबको भेजेंगे. पूरी बिल्डिंग को बतायेंगे."

"बिल्डिंग इधरच बैठी है. बता. जोर से बता, पीछे देशपांडेबाई को कम सुनाई देता है."

देशपांडेबाई आपलं नाव ऐकून पुढे सरकल्या आणि फोनपाशी वाकून अतिशय मायेने म्हणाल्या, "अरे बाळा, तुझ्या आईला माहीत आहे का तू काय काम करतोस?"

सगळं पार्किंग हसलं. प्रशांतसुद्धा तोंड फिरवून हसला, मी पाहिलं. पण तो पोरगा चिडला. "बहुत होशियारी मत कर, बुढ्ढे. मंगल को ये ड्यूटी पे जायेगा ना? उसी दिन सीओ को फोन लगाऊँगा. नंबर है मेरे पास." आणि फोन कट.

हसू जागच्या जागी विरलं. प्रशांतचा चेहरा पांढराफटक. सुभेदारसाहेबांनी फोन त्याच्या हातात परत दिला.

मग म्हणाले, "प्रशांत, सायबाला ह्ये कळणार. येक तर त्यांच्याकडनं कळंल, न्हाईतर तुझ्याकडनं. तिसरं काय न्हाई. तू सोता दरबारात उभा ऱ्हा आन् बोल."

"नाही जमणार, साहेब. आमचे सुभेदारसाहेब दरबाराच्या आधी सगळ्यांना विचारतात, कोणाचा काय पॉइंट आहे. असला काही निघाला तर म्हणतात, बस खाली, कंपनीची इज्जत घालवतो काय."

"म्हणणारच. मीबी म्हणायचो."

काकूंनी चहाचा ट्रे खाली ठेवला.

"माझ्या कंपनीत येक पोरगा हुता. छावणीभायेरच्या सावकारानं पार पिळलेला. दरबाराच्या आदल्या दिशी रिहर्सलला म्हणाला, सायेब, माझा पॉइंट हाय. मी म्हणालो, जनरल सायेब येणार हायत, असलं काय काढू नको, मागनं बघू. बसला खाली. मागनं सुट्टीवर गेला त्यो आलाच न्हाई. मी त्याच्या गावी जाऊन आलो, रिटायर झाल्यावर. घरच्यांनाबी म्हाईत न्हाई कुठं हाय. चांगला पोरगा हुता. व्हॉलीबॉल काय खेळायचा!"

मला एकदम त्यांचा राग आला आणि तितकीच मायाही आली. दर रविवारी आम्हाला कबुतरांवरून बोलायला लावणारा हा माणूस कोणाची वाट बघत होता ते कळलं.

पुढचा तासभर मात्र जे झालं त्याला तोड नाही. रिहर्सलच्या नावाने खवळणाऱ्या माणसाने चक्क रिहर्सल लावली. प्रशांतने उभं राहून सगळं सांगायचं. समोर सीओ म्हणून कोण, तर माझा नवरा. का, तर त्याच्याकडे पॉलिशचे बूट आहेत. वर पळवला त्याला बूट घालायला. लुंगी आणि लग्नातले बूट अशा अवतारात तो खुर्चीत बसला. प्रशांत समोर उभा राहून म्हणाला, "श्रीमान, मेरा एक पॉइंट है," आणि आवाज चिरकला.

"असू दे रे, होतं असं," सीओ म्हणाले. "बस, बस. पाणी पितोस?"

"बाबू! सीओ बस बस म्हणत न्हाई!" सुभेदारसाहेब कडाडले. "डोळं वटार!"

नवऱ्याने डोळे वटारले. दहा वर्षांच्या संसारात त्याने माझ्यावर कधी वटारले नव्हते, त्यामुळे सवय नाही. पापणीत काहीतरी गेल्यासारखा दिसत होता. परत पहिल्यापासून. "श्रीमान, मेरा एक पॉइंट है. मैंने ॲप से कर्जा लिया है." परत. देशपांडेबाई म्हणाल्या, ऐकू आलं नाही. परत. रूपाली भिंतीला टेकून डोळे पुसत होती आणि हसतही होती. हळूहळू त्याचा आवाज सरळ झाला. शेवटच्या खेपेला तो न थांबता सगळं बोलला, कुठलं ॲप, किती वेळा, कशासाठी, आणि "गलती मेरी है, श्रीमान, लेकिन अब मेरे अकेले से नहीं होगा." सीओंनी वटारलेले डोळे पुसले.

त्याच संध्याकाळी तो रिझर्वेशनशिवाय निघाला. सुभेदारसाहेब आणि माझा नवरा कल्याणपर्यंत पोचवायला गेलेले. नवरा सांगत होता, गाडी हलली तरी म्हातारा खिडकीबरोबर चालत होता आणि ओरडत होता, "सुभेदार न्हाई म्हणाला तर त्याला म्हण, मी डोंबिवलीच्या पलटणीच्या सुभेदाराला इचारून आलोय!"

नंतर काहीच कळेना. मंगळवारी हजर झाल्याचा मेसेज रूपालीला आला, एवढंच. ॲपवाल्या पोराने खरंच फोन केला की नाही, साहेबाला काय कळलं, कशाचा पत्ता नाही. दरबार महिनाअखेरीला. सुभेदारसाहेब रोज माझ्या नवऱ्याला विचारायचे, "बाबू, आज तारीख काय?" तारीख माहीत असायची त्यांना. जेवण कमी झालेलं. पाण्याची शिट्टी दोनदा विसरले. काकू मला म्हणाल्या, "पोरगा बोलला नाही तर हे आजारी पडतील गं."

शेवटी फोन आला तो एका दुपारी. मी सुट्टी काढून घरी होते, रूपालीही तेव्हाच जेवायला आलेली, आणि आम्ही दोघी काकूंकडे तांदूळ निवडत बसलेलो. सुभेदारसाहेबांची मोज्याशी झटापट चालली, ती बघवेना, म्हणून मीच फोन ओढून काढला आणि स्पीकर लावला.

"साहेब, बोललो," प्रशांत म्हणाला.

रूपालीने माझा दंड असा धरला की वळ उठला.

"सगळं?"

"सगळं. आमच्या सुभेदारसाहेबांनी आदल्या दिवशी बस म्हणून सांगितलेलं. तरी उभा राहिलो. सीओसाहेबांनी सगळ्यांसमोर असं झापलं की विचारू नका. पण लाल शाई नाही म्हणाले. पलटणीच्या फंडातून कर्ज देतायत, सायबर पोलिसात तक्रार तेच करणार. कॅडरला नाव आहे माझं, साहेब."

काकूंनी देवाकडे बघून हात जोडले. सुभेदारसाहेब तोंडातल्या तोंडात "शाब्बास, शाब्बास" करत होते.

"साहेब, ऐका ना. मग सीओसाहेबांनी विचारलं, और किसी ने लिया है ऐसा कर्जा? कोणी बोलेना. आणि मग माझ्या मागचा एक जण उठला. मग लंगरमधला एक. मग उठतच राहिले, साहेब, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजारी शेजारी झोपतो आम्ही, कोणाला कोणाचं माहीत नाही!"

"आन् तुमचा सुभेदार? त्यो काय म्हणाला?"

प्रशांतने आवाज खाली आणला.

"सगळ्यात शेवटी तेच उभे राहिले, साहेब. त्यांची पण तीन ॲप आहेत."

तांदळाचं ताट माझ्या मांडीवर तसंच राहिलं. सुभेदारसाहेबांचे डोळे भरून आले, त्यांनी ते लपवले नाहीत. फोन तोंडाजवळ नेऊन घाईघाईने म्हणाले, "प्रशांत, आज त्याला येकटं सोडू नको. ऐकतोयस का? जेवायला संग बस. कायबी कर, पण येकटं सोडू नको."

"नाही सोडलं, साहेब," प्रशांत म्हणाला. "अख्खी कंपनी बसलीये त्यांच्या खोलीत. जागा नाही म्हणून मी बाहेर उभा राहून बोलतोय."